गहू-दूध बंद करण्याआधी: स्वमग्न मुलाच्या ताटात काय वाढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्याकडच्या एका आईचा मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे आणि तो मोजकेच शब्द बोलतो. थेरपीच्या ठिकाणी त्यांना कुणीतरी सांगितलं, "गहू आणि दूध पूर्ण बंद करा, फरक पडेल." मुलाच्या खाण्यात आहे काय, तर दुधात कुस्करलेली पोळी, एकाच प्रकारची बिस्किटं, मऊ वरणभात आणि दिवसाला तीन-चार पेले दूध. घर एकत्र आहे, स्वयंपाकघर एकच. त्या विचारतात, "मी शिजवू काय? आणि त्याने तोंड फिरवलं तर करू काय?"

ताई, गेली चोवीस वर्षं मी मुलांच्या आहाराचं काम करते, आणि त्यातली निम्मी मुलं तुमच्या लेकासारखी, विशेष गरजा असलेली आहेत. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिली विनंती ही की उद्या सकाळी काहीही बंद करू नका. तो खातो ते चार पदार्थ, आणि त्यांतल्या तीनमध्ये गहू नाहीतर दूध आहे. ते एकदम काढले तर उरेल फक्त वरणभात. आधी नवं काहीतरी त्याच्या पानात रुजू द्या, मग जुनं काढा. हा क्रम मी एका मुलाच्या वजनाची किंमत देऊन शिकले. कामाला लागून दोन-तीनच वर्षं झाली होती. पाच वर्षांच्या एका मुलाचं गहू-दूध मी एकाच दिवशी थांबवायला सांगितलं. भूक लागली की खाईल, असं मला वाटलं होतं. त्याने खाल्लंच नाही. दहा दिवसांत त्याचं वजन सव्वा किलोनं उतरलं आणि आईवडील रात्री जागून चमच्याने पेज भरवत बसले. सर्वसाधारण मूल भुकेला शरण जातं. स्वमग्न मुलांपैकी बरीच मुलं जात नाहीत. ओळखीचं अन्न नसेल तर ती उपाशी राहतात. तो मुलगा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आता तपासणीचं बोलू, कारण ती स्वयंपाकाच्या आधी यायला हवी. ग्लूटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन आहे. ज्यांना सिलिअॅक नावाचा आजार असतो त्यांच्या आतड्याच्या आतल्या अस्तराला या प्रथिनामुळे इजा होते, अन्न अंगी लागत नाही, उंची खुंटते, हिमोग्लोबिन चढत नाही. गव्हाचा हा दोष जगाला कळला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञामुळे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि त्याच काळात त्यांची सिलिअॅकची बालरुग्णं सुधारल्याचं त्यांच्या लक्षात आलं. आपल्या देशात हा आजार उत्तरेकडे जास्त दिसतो, पण महाराष्ट्रातली मुलंही माझ्याकडे आली आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांत तो इतरांपेक्षा जास्त आढळतो, म्हणून त्या पालकांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

रक्ताची तपासणी टीटीजी-आयजीए या नावाने होते, सोबत एकूण आयजीएही मोजून घेतात. मूल रोज गहू खात असतानाच ती करायची. दोन-तीन महिने पोळी बंद ठेवून तपासणी केली तर आजार असूनही ती 'निगेटिव्ह' येऊ शकते, आणि मग खरं काय ते कळण्यासाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे गहू खायला लावावा लागतो. स्वमग्न मुलाच्या बाबतीत हे किती अवघड असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तेव्हा पोळी चालू आहे तोवर बालरोगतज्ज्ञांना भेटा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व आणि बी-१२ त्याच वेळी बघून घ्या, म्हणजे सुई एकदाच टोचली जाईल.

दुधाचे तीन वेगवेगळे प्रश्न असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं हा एक. त्यात पोट फुगतं, जुलाब होतात, पण घरी विरजलेलं दही आणि तूप सहसा चालतं. दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी हा दुसरा. त्यात तूपसुद्धा टाळायचं, आणि 'ए-टू दूध चालेल', 'शेळीचं चालेल' या सल्ल्यांवर विश्वास ठेवायचा नाही, कारण त्या दोन्ही दुधांत केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, असतंच. तिसरा तुमचा: कुठलाच आजार सिद्ध झालेला नाही, पण स्वमग्नतेसाठी केसिन बंद करायला सांगितलंय.

या तिसऱ्याबद्दल मला जे ठामपणे माहीत आहे ते सांगते. १९७९ मध्ये याक पँकसेप या शास्त्रज्ञाने मेंदूतल्या अफूसारख्या रसायनांचा आणि स्वमग्नतेचा संबंध असावा, अशी कल्पना मांडली. पुढे तिच्याशी गहू आणि दुधाच्या प्रथिनांचे अर्धवट पचलेले तुकडे जोडले गेले आणि गहू-दूध टाळण्याचा हा आहार जगभर पसरला. त्याची कसून चाचणी अमेरिकेत रोचेस्टरला झाली, निष्कर्ष २०१६ मध्ये छापून आले. मुलं थोडी होती, चौदाच. ती या आहारावर असताना त्यांना कुणालाही कळू न देता अधूनमधून गहू किंवा दूध दिलं गेलं. वागणं, झोप, शौच यांत ठळक फरक दिसला नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शनात स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी हा आहार वापरू नका असं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून 'गहू-दूध बंद केलं की बोलायला लागेल' असं वचन मी कुठल्याही आईला देत नाही, आणि दुसऱ्या कुणी दिलं तर मला राग येतो. त्या वचनापोटी आई वर्षभर स्वतःला दोष देत बसते.

तरीही काही घरांतून 'फरक पडला' हे मी ऐकते, आणि त्या आया खोटं बोलत नाहीत. त्यांच्या घरात काय घडलं असेल ते तुमच्या लेकाच्या उदाहरणावरून सांगते. तीन-चार पेले म्हणजे ६०० ते ८०० मिली दूध. त्याने पोट भरतं, जेवणाची भूक राहत नाही. दुधात लोह फार कमी असतं आणि ते इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. मूल फिकट, चिडचिडं होतं. बिस्किटं मैद्याची, भाज्या नाहीत, म्हणजे शौचाला खडा होणारच. बद्धकोष्ठ झालेलं मूल 'पोट दुखतंय' म्हणू शकत नसेल तर ते डोकं आपटतं, चावतं, रात्री किंचाळत उठतं. अशा मुलाचं दूध आणि बिस्किटं गेली, भात-भाकरी-डाळ आली, तर पोट साफ होतं, झोप लागते आणि ते थेरपीला शांत बसतं. स्वमग्नता तिथेच असते, मुलाचा त्रास मात्र खराच कमी झालेला असतो. मला हा फायदा मोलाचा वाटतो. तो मिळवायला सगळं बंद करावं लागतंच असं नाही. म्हणून तुमचं पहिलं काम इतकंच: पुढच्या तीन आठवड्यांत दूध दोन पेल्यांवर आणायचं, म्हणजे ४०० मिली. दर चार दिवसांनी पेला दोन बोटं कमी भरा. पेला मात्र तोच ठेवा, रंगही बदलू नका.

आता स्वयंपाक. इथे मला तुम्हाला धीर द्यायचा आहे, कारण आपल्या मराठी घरात हे अवघड नाही. काही वर्षांपूर्वी बार्शीकडचं एक कुटुंब आलं होतं. सून रडवेली झाली होती, इंटरनेटवर पाहून तिने बदामाचं पीठ, झँथन गम, कसले कसले डबे मागवले होते. सोबत आलेल्या आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, आमच्या लहानपणी पोळी सणाला व्हायची. रोज भाकरीच. त्यात काय एवढं?" त्या दिवसापासून त्या घरचा स्वयंपाक आजींच्या हाती गेला आणि सुनेचे डबे कपाटातच राहिले. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, पोहे, चुरमुरे, लाह्या: यांपैकी कशातच मुळात ग्लूटेन नाही. आपलं उपासाचं फडताळ उघडलं तरी आठवडा निघेल.

दुधाच्या बाबतीत माझी भिस्त कोकण आणि गोव्यावर असते. तिथल्या स्वयंपाकात नारळाचा रस गायीच्या दुधाची जागा आधीपासूनच घेऊन बसला आहे. शिरवाळे घ्या: तांदळाच्या उकडीच्या शेवया आणि सोबत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. घावन, आंबोळी, पातोळ्या, फणसाची सांदणं, गोव्याचे सान्ना, हे सगळं जसंच्या तसं चालतं. ताकाच्या जागी सोलकढी. वाढदिवसाला केक हवा असेल तर तवसळी करा. तांदळाचा रवा कोरडाच खमंग भाजायचा, त्यात किसलेली मोठी काकडी तिच्या पाण्यासकट, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ आणि वेलची घालून तासभर मुरू द्यायचं, खोबरेल लावलेल्या भांड्यात ओतून मंद आचेवर झाकण ठेवून भाजायचं. वर मेणबत्ती लावता येते. माझ्याकडच्या एका मुलीने सलग चार वाढदिवस तवसळी कापली आहे.

तुमच्या लेकासाठी मात्र सुरुवात पोळीपासूनच करावी लागेल, कारण त्याला तीच आवडते. भाकरी थेट समोर ठेवलीत तर तो ढकलून देईल. ती जाड असते, तिला वास वेगळा असतो, दातांखाली खरखरते. म्हणून ज्वारीचा फुलका करा. पीठ शाळूचं घ्या, मंगळवेढ्याची मालदांडी मिळाली तर फारच छान, ती गोडसर आणि पांढरी असते. वाटीभर पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तेल घालून खळखळ उकळू द्या. गॅस बारीक करून वाटीभर पीठ घाला, उलथण्याच्या दांड्याने ढवळा, झाकण ठेवून बंद करा. दहा मिनिटांनी परातीत काढून हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याने रगडून मळा. इथे कंटाळा केला की फुलका लाटताना कडेला फाटतो. पाच मिनिटं मळलेलं पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. लहान गोळी घ्या, ज्वारीच्याच पिठावर हलक्या हाताने लाटा, तव्यावर एक बाजू अर्धवट, दुसरी पूर्ण, मग थेट जाळावर. टम्म फुगतो. डब्यात ठेवताना फडक्यात गुंडाळा, नाहीतर तासाभरात कडक होतो.

सिलिअॅकची तपासणी 'निगेटिव्ह' असेल तर हा बदल आणखी हळू करता येतो. पहिल्या आठवड्यात गव्हाच्या कणकेत पाचवा हिस्सा ज्वारीचं पीठ, मग तिसरा, मग निम्मं. सिलिअॅक असेल तर असं मिसळणं चालणार नाही, तिथे फुलका वेगळाच हवा. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी: एका वेळी एकच बदल. पोळी बदलली त्या आठवड्यात दूध, ताटली, बसायची जागा, सगळं जुनंच. आणि त्याला न कळवता गपचूप मिसळू नका. एकदा त्याला फसवलं गेल्याचं कळलं की ओळखीचं अन्नही तो टाकतो. मळताना त्याला शेजारी बसवा, गोळी हातात द्या. खाल्लं नाही तरी चालेल. हात लावला, वास घेतला, ताटात राहू दिलं, ही सगळी प्रगतीच आहे. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, कधी कधी त्याहूनही जास्त.

दुधात कुस्करण्याचं काय? जाडसर नारळाचं दूध त्याला कदाचित तेलकट लागेल. मी शेंगदाण्याचं दूध सुचवते, अर्थात शेंगदाण्याची अॅलर्जी नाही ना हे बघून. अर्धी वाटी दाणे रात्रभर भिजवा, सालं चोळून काढा, अडीच वाट्या पाण्यात गुळगुळीत वाटून गाळा आणि दहा मिनिटं उकळा. उकळताना ढवळत राहा, बुडाशी लागतं. कच्चेपणाचा वास गेला की थोडा गूळ किंवा खारकेची पूड. पहिल्यांदा त्याच्या नेहमीच्या दुधात दोन चमचेच घाला.

इथे मी कॅल्शियमचा हिशेब मांडते, कारण बहुतेक घरांत हीच जागा चुकते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, सात ते नऊला ६५०. गायीच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम, म्हणजे दोन पेल्यांत ४८०. दूध गेलं की ही मोठी पोकळी पडते. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५०, तिळात १२०० च्या वर, शेवग्याच्या पाल्यात ३०० हून जास्त. आता त्याच्या पानात किती जाईल ते बघा. ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या दोन छोट्या भाकऱ्या, २१० मिलिग्रॅम. तिळाचा चमचाभर कूट, १० ग्रॅम, १२०. मूठभर शेवग्याचा पाला वरणात, ७५. झाले ४०५, आणि तिळातलं सगळं अंगी लागत नाही. शिवाय हे सगळं तो रोज खाईल का? नाही खाणार. म्हणून दूध पूर्ण बंद करायचं ठरलं तर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाचं औषध डॉक्टरांकडून लिहून घ्याच. नारळाच्या दुधात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि प्रथिनंही थोडीच, ते चवीला. शेंगदाण्याचं दूधही गायीच्या दुधाइतकं कॅल्शियम देत नाही. घर शाकाहारी असेल तर बी-१२ मिळण्याची वाट दूधच असते, ती बंद झाली की त्याचंही औषध लागतं. अंडं चालत असेल तर एका अंड्यातून सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. मासे चालत असतील तर काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी कडक तळून त्याला कुरकुरीत म्हणून आवडूही शकते. वरून तांदळाचं पीठ लावा. नेहमीचा रवा गव्हाचाच असतो, हे इथे बऱ्याच जणी विसरतात.

असे लपलेले गहू पुष्कळ आहेत. बाजारातला डबीतला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्यात बांधलेला असतो. रोजच्या वरणात चिमूटभर पडतो आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. वेष्टन वाचा, तांदळाच्या पिठातला किंवा खडा हिंग घ्या. घरची थालीपीठ भाजणी पारंपरिक असेल तर तिच्यात बहुधा गहू असतो, मुलासाठी ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धणे-जिऱ्याची वेगळी भाजा. सातूच्या पिठात जव नाहीतर गहू. दुधात घालायच्या चॉकलेटी माल्टच्या पावडरीत जव, गहू आणि दूध तिन्ही. 'नाचणी बिस्किट' लिहिलेल्या पुड्यावर घटकांची ओळ वाचलीत तर बहुधा मैदा पहिला असतो. सोया सॉसमध्ये गहू. आणि खपली गहू! तो जुना आहे, पचायला हलका म्हणून मधुमेहींना विकला जातो, पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. 'खपली चालते' असं सांगून सिलिअॅकच्या मुलाला महिनोन्महिने ती खाऊ घातल्याची दोन प्रकरणं मी स्वतः पाहिली आहेत.

सिलिअॅक निघाला तर गिरणीचा प्रश्न मोठा होतो. आपल्या देशाच्या नियमांत ग्लूटेन-मुक्त म्हणजे किलोमागे ग्लूटेन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. गिरणीत दिवसभर गहू दळला जातो, मागाहून तुमची ज्वारी पडते, आणि पहिल्या शेर-दोन शेरांत गव्हाचं पीठ येतंच. अशा घरांना मी घरघंटी घ्यायला सांगते आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका म्हणते. ती परवडत नसेल तर तांदूळ-नाचणी धुऊन वाळवून मिक्सरवर दळून चाळता येते, वेळ लागतो पण होतं. ज्वारी निवडताना गव्हाचे दाणे असतात ते वेचा. लाकडी पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, कारण लाकडाच्या फटीत कणीक राहते. तवा, परात, तळणीचं तेलसुद्धा वेगळं. सगळ्या घराचं आधी वाढून झालं आणि मग त्याच उलथण्याने मुलाचं केलं, असं होऊ नये. त्याचं आधी करा. सिलिअॅक नसेल तर एवढा कडक सोवळेपणा नको, उगाच थकाल.

तपासण्या ठीक आल्या आणि तरीही तुम्हाला प्रयोग करून बघावासा वाटला, तर मी तुम्हाला अडवणार नाही. आईने सगळे मार्ग चाचपून बघावेत ही ओढ मला समजते. फक्त रीतसर करा. आधी दूध, तीन-चार आठवडे. गव्हाला नंतर सहा-आठ आठवडे. दोन्ही एकत्र केलंत तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही. सुरू करण्याआधी वहीत तीनच गोष्टी लिहा ज्या मोजता येतात: रात्री किती वेळा उठतो, आठवड्यातून किती दिवस शौचाला होते, दिवसात किती वेळा स्वतःला चावतो किंवा मारतो. रोज रात्री आकडे भरा. दर पंधरा दिवसांनी वजन. त्याच काळात नवी थेरपी, नवं औषध, नवी शाळा सुरू करू नका. मुदत संपली की पदार्थ पुन्हा द्या आणि आणखी दोन आठवडे लिहा. आकडे हललेच नाहीत तर पोळी-दूध परत आणा, बिनदिक्कत. त्यात हार नाही, खाण्यातली विविधता त्याला परत मिळते. वजन घटलं, तो चारपेक्षाही कमी पदार्थांवर आला, पाणी नको म्हणायला लागला किंवा गिळताना ठसका लागू लागला, तर मुदतीची वाट न बघता थांबा आणि दाखवा.

एकत्र घराबद्दल. सासूबाईंना बाजूला ठेवून हे होत नाही. प्रसादाचा शिरा, पेढा, शेजारणीने प्रेमाने दिलेलं बिस्किट, प्रत्येक वेळी तुम्ही एकट्या 'नको' म्हणत राहिलात तर महिन्याभरात घरात कडवटपणा येतो. सासूबाईंकडे एक काम पूर्ण सोपवा. खाऊचा डबा त्यांचा. त्यात राजगिऱ्याची वडी, साळीच्या लाह्यांचा चिवडा, नाचणीचा लाडू. लाडवाला तुपाऐवजी भाजलेल्या दाण्यांचा कूट आणि गूळ, कुटातून सुटणाऱ्या तेलावर तो वळला जातो. प्रसादाला त्याच्यापुरता उकडीचा मोदक किंवा नारळाची वडी आधीच ठेवलेली असली की मूल हात पुढे करतं तेव्हा कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. घरातल्या इतर मुलांनी त्याच्यासमोर बिस्किटं खाऊ नयेत असं मी म्हणणार नाही, पण आठवड्यातले दोन दिवस सगळ्यांनीच घावन किंवा इडली खाल्ली तर तो वेगळा पडत नाही. शाळेत वर्गशिक्षिकांना बोलून आणि शिवाय लिहून द्या, डब्याच्या झाकणावर चिठ्ठी चिकटवा. शाळेची खिचडी तांदळाची असते, ती बहुधा चालेल, पण सिलिअॅक असेल तर फोडणीतल्या हिंगाची आणि मसाल्याची चौकशी करा.

तुम्ही लिहिलंत की पोळी तुम्ही आधी सुरीने त्रिकोणी कापता आणि मग त्याच्यासमोर दुधात कुस्करता, नाहीतर तो खात नाही. ते वाचून मला फार बरं वाटलं, कारण तुम्हाला तुमचं मूल नीट दिसतंय. ज्वारीचा फुलकाही तसाच कापा, त्याच सुरीने, त्याच ताटलीत. पहिल्या दिवशी तीन त्रिकोण पोळीचे आणि एक ज्वारीचा, तो एक बाजूला, दुधाला न लागता. त्याने तो उचलून फेकला तर काही न बोलता दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवा. रक्ताचे रिपोर्ट आले की त्याची उंची, वजन आणि तीन दिवसांत त्याने खरोखर तोंडात घातलेल्या सगळ्या गोष्टी, सांडलेलं वगळून, लिहून पाठवा. पुढचा पदार्थ कुठला घ्यायचा ते आपण त्यावरून ठरवू.